सावित्री नदी आणि महाडचं पाणी

महाबळेश्वरला एक जुनं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या तिथे उगम पावतात, असे मानतात. माहेर एक, पण वाटा निराळ्या. कृष्णा पूर्वेला गेली. सुमारे १४०० किलोमीटर चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरली. तिला समुद्र गाठायला शंभरेक किलोमीटरच पुरतात.

महाबळेश्वर समुद्रापासून १३०० मीटरांहून उंच आहे. तेवढी उंची सावित्री थोड्याच वाटेत उतरते. म्हणून घाटात ती धावते. पोलादपूर सोडलं की जमीन सपाट होते आणि नदीचा जोर कमी होतो. महाडजवळ तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात. पुढे दासगाव येतं आणि मग बाणकोटची खाडी. खाडीच्या दक्षिणेला रत्नागिरी जिल्हा, उत्तरेला रायगड जिल्हा. या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. ज्या किल्ल्यावरून नवं नाव दिलं, तो महाडच्याच तालुक्यात आहे. तिथे १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

महाड हे पूर्वी बंदर होतं. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, कारण समुद्र तिथून बराच लांब. पण भरतीचं पाणी खाडीतून आत चढतं. त्या पाण्यावर लहान पडाव महाडला लागत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून वरंध घाटाने खाली येई.

महाडात चवदार तळं आहे. त्याचं पाणी सगळे भरत, फक्त अस्पृश्य म्हटलेल्यांना मनाई होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसाच ठराव केला. पण कागद कोरडाच राहिला. शेवटी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याबद्दल लोकांना मार खावा लागला. मग कोर्टात दावा लागला. तो उच्च न्यायालयात १९३७ साली जिंकला, म्हणजे ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली!

आम्ही हा धडा शिकवीत असू, तेव्हा मुलं विचारीत, "गुरुजी, नदी जवळ होती, मग तळंच का?" आम्ही सांगत असू, "अरे, तळं नगरपालिकेचं. म्हणजे साऱ्या गावाचं. गावाच्या वस्तूत आपला वाटा आहे की नाही, हे ठरायचं होतं."

आता पुराकडे वळू. महाडला पूर का येतो? वरून पाणी धावत येतं आणि खालून भरतीचं पाणी चढतं. दोन्ही पाणी समोरासमोर आली की नदीला पुढे सरकता येत नाही. ती फुगते आणि बाजारपेठेत शिरते. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. सपाट अंगणात तो साठला असता, तर दोन फूट पाणी झालं असतं. त्यात गुरुपौर्णिमा तोंडावर. त्या रात्री महाड बुडालं. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा इंग्रजांच्या वेळचा पूल वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. ती रात्र अमावास्येची होती. पूल भरतीनेच पडला असं आम्ही म्हणत नाही. पण तिथी आमच्या ध्यानात राहिली आहे.

तेव्हा नदीकाठच्या मंडळींनी पावसाळ्यात कॅलेंडर पाहावं. आपल्या गावी पाऊस थांबला म्हणून निजू नये. वर घाटात काय चाललं आहे, त्याची चौकशी करावी. तिथलं पाणी उशिराने खाली येतं. धान्य आणि कागदपत्रं माळ्यावर ठेवावीत.

डोंगराखाली राहणाऱ्यांनी उताराकडे नजर ठेवावी. जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर त्याच वेळी घर सोडावं. सामान गोळा करीत बसू नये. आणि गोठ्यातली गुरं आधी मोकळी करावीत. पाणी कमरेला लागल्यावर अंधारात दावं सुटत नाही.