एमडी, मित्र आणि पंचविशीच्या आतला मेंदू
नगर-दौंड रस्त्याने अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द ओलांडली, की दौंडच्या पुढे कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तिथल्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन हे अमली द्रव्य, म्हणजे पोरांच्या बोलीतलं ‘एमडी’, पकडलं. अहिल्यानगरच्या कॉलेजांपासून हे ठिकाण फार दूर नाही.

कॉलेजातल्या पोरांना हा धोका मोठा, कारण परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यात मित्र शेजारी असले की? अमेरिकेतल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळातून हे तपासलं. दोस्तांसमोर तरुण मुलांनी एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करला. प्रौढांत हा फरक जवळपास नव्हता. म्हणूनच रूमवर कुणी ‘एकदाच घेऊन बघ’ म्हटलं, की सगळं ठाऊक असूनही ‘नको’ जड जातं. नुसती व्याख्यानं इथे तोकडी पडतात, असं आमचं मत.

कायदाही ठाऊक हवा : एमडी २०१५ पासून अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आहे. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचारांना गेली, तर कलम ६४अ तिला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन : १४४४६.