रक्त पातळ होत नाही, मग मेंदूत सांडतं कसं?

स्टेरॉइड आणि हाडं हा विषय आज घ्यायचा होता. तो पुढे ढकलतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या टॅक्रोलिमसवरचा माझा लेख वाचून एका वाचकांनी विचारलंय, किडनी बदलल्यावरच्या गोळ्यांनी रक्त पातळ होतं, म्हणून मेंदूत रक्तस्राव होतो, हे खरं का? रक्त पातळ होत नाही. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन गुठळी होण्यात जसा अडथळा आणतात, तसा टॅक्रोलिमस आणत नाही. आयटीपी या आजारात तर शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स संपवतं आणि मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धास्तीनेच आपण प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड सुरू करतो. तरीही टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या काहींच्या मेंदूत रक्त सांडतं, हे नाकारता येत नाही. फक्त ते आडवाटेने घडतं, आणि उपचार त्या वाटेवरून ठरतात.

सर्वांत बोलकी वाट रक्तदाबाची. या दोन्ही औषधांनी रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, दाब चढतो; शिवाय वाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि पाझरू लागतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या वाहिन्यांना दाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं विरळ असल्याने पहिला फटका तिथे बसतो. दृष्टीचं केंद्रही तिथलंच. म्हणून डोकं दुखतं, समोरचं अंधूक होतं, फिट येते आणि एमआरआयमध्ये मागे दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात. 1996 मध्ये हिंची आणि सहकाऱ्यांनी असे 15 रुग्ण एकत्र मांडले. त्यातले 7 प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर होते. आज याला प्रेस म्हणतात. बहुतेकदा ही सूज ओसरते, पण काहींमध्ये त्याच जागी रक्त सांडतं. दुसऱ्या वाटा थोडक्यात: अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट अस्थिमज्जा दाबतात, प्लेटलेट्स घटतात, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन ॲस्परजिलस किंवा म्युकर या बुरशी थेट रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात. 2021 मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्राने म्युकरचा हा स्वभाव पुरेसा पाहिलाय.

प्रेसमध्ये म्हणूनच आधी दाब उतरवायचा, गोळी परस्पर बंद करायची नाही. यावर आक्षेप असा की, हिंचींच्या रुग्णांमध्ये औषध कमी किंवा बंद केलंच होतं, आणि ते बरे झाले. मग बंदच का करू नये? पण त्यांचा रक्तदाबही त्याच वेळी उतरवला होता, त्यामुळे सगळं श्रेय औषध थांबवण्याला देता येत नाही. शिवाय गोळी परस्पर बंद केली तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं, आणि बिघडलेली किडनी पुन्हा दाबच चढवते. डोस कमी करणं, औषध बदलणं हे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावं. दुसरा आक्षेप, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तपासतोच की. ती सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन तपासतात हे बरोबर, पण लेव्हल ठीक असूनही प्रेस होतो. घरातलं बीपीचं यंत्र म्हणूनच मला निम्म्या तपासण्यांपेक्षा मोलाचं वाटतं. आणि लेव्हल एकाएकी चढवणारी मंडळी निरुपद्रवी चेहऱ्याची असतात: खोकल्यासाठी आणलेलं क्लॅरिथ्रोमायसिन, नायट्यासाठीचं फ्लुकोनाझोल, अगदी कोकणातलं पपनससुद्धा. पपनस हे नेमकं कसं साधतं, त्यासाठी आतड्याच्या अस्तरातल्या एका एन्झाइमची गोष्ट सांगावी लागेल. हाडं बहुधा आणखी एक आठवडा थांबतील.