कॅथोडला कवच कोणतं?

जबलपूरजवळचा कटनी जिल्हा बॉक्साइटसाठी ओळखला जातो. याच खनिजातून मिळणारं ॲल्युमिनियम ऑक्साइड लिथियम बॅटरीतल्या कॅथोडचं, म्हणजे धन ध्रुवाचं, कवच होतं, हे मला फार भारी वाटतं!

निकेलयुक्त कॅथोड जास्त व्होल्टेजला चार्ज केला की पृष्ठभागातला ऑक्सिजन सुटू लागतो. तो इलेक्ट्रोलाइटला भिडला की वायू तयार होतात, बॅटरी फुगते. तापली तर आगीला बळ मिळतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर हा संपर्क तोडतो, वर इलेक्ट्रोलाइटमधल्या हायड्रोफ्लोरिक आम्लाचा मारा स्वतःवर झेलतो. पण त्यातून लिथियम सहज जात नाही. म्हणून थर जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा हवा; जाड झाला की चार्जिंग मंदावतं. लिथियम नायोबेटचा थर लिथियमला वाट देतो, पण नायोबियम महाग. घन इलेक्ट्रोलाइट असेल तर मी लिथियम नायोबेटच निवडेन.

कवचाने ऑक्सिजनची गळती कमी होते, थांबत नाही. म्हणून फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.