लग्नसमारंभातील सेवा फसल्यास दाद कोठे मागावी?

विवाहाची तिथी निश्चित झाली की मंगल कार्यालय, केटरर, मांडव व सजावट, छायाचित्रकार, बॅण्ड, वऱ्हाडाची बस अशा अनेक व्यावसायिकांना विसार दिला जातो. बहुतेक कुटुंबांत हा व्यवहार ओळखीवर आणि तोंडी आश्वासनावर चालतो. मात्र ऐनवेळी केटररने निम्म्याच पानांची व्यवस्था केली, आरक्षित कार्यालय दुसऱ्यालाच दिल्याचे उघड झाले, किंवा विवाहानंतर वर्ष लोटले तरी छायाचित्रांचा अल्बम हाती आला नाही, तर पुढे काय करावे याची कल्पना फार थोड्यांना असते. "कार्य पार पडले ना, आता कशाला वाद," असे म्हणून अनेक जण नुकसान सोसतात. वास्तविक अशा प्रसंगी कायद्याने ग्राहकाला स्पष्ट अधिकार दिलेले आहेत.

सदोष वस्तू बदलून घेता येते. टळून गेलेला मुहूर्त परत आणता येत नाही. त्यामुळे अशा तक्रारीत मिळू शकतो तो पैशांच्या रूपातील मोबदला, आणि तो किती मिळेल हे प्रामुख्याने विवाहापूर्वी व विवाहाच्या दिवशी जमवलेल्या पुराव्यावर अवलंबून असते.

कायदा काय सांगतो

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आला आहे. पूर्वीच्या जिल्हा ग्राहक मंचाला आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असे म्हटले जाते. मोबदला घेऊन कबूल केलेली सेवा न देणे, अपुरी वा निकृष्ट देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. दिलेल्या सेवेची पावती वा बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते.

पैसे वधूच्या वा वराच्या वडिलांनी भरले असले तरी त्यांच्या संमतीने ज्यांनी सेवेचा लाभ घेतला, असे वधू-वरही कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहक ठरतात. संपूर्ण समारंभाचे कंत्राट एकाच आयोजकाने घेतले असेल, तर त्याने नेमलेल्या केटररची वा मांडववाल्याची चूकही ग्राहकाच्या दृष्टीने त्याचीच जबाबदारी होय.

१८७२ चा भारतीय करार कायदाही येथे उपयोगी पडतो. ज्या करारात वेळ हाच गाभा आहे, तेथे ठरलेल्या वेळी काम न केल्यास कलम ५५ नुसार दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. विवाहाच्या करारात वेळेचे महत्त्व वेगळे सिद्ध करण्याची गरज सहसा पडत नाही. कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. दूरान्वयाने झालेल्या हानीची मागता येत नाही. आयत्या वेळी दुसऱ्या केटररला जास्त दर द्यावा लागला असेल, तर दोन्ही दरांतील फरक हा या भरपाईचा सर्वांत भक्कम भाग असतो. म्हणून अशा पर्यायी व्यवस्थेचे बिल अवश्य घ्यावे.

"विसार परत मिळणार नाही"

छापील पावतीवर हे वाक्य हमखास आढळते. ग्राहकाने स्वतः बेत रद्द केल्यास त्याला काही अर्थ असू शकतो. व्यावसायिकानेच कबूल केलेले काम केले नाही, तर या वाक्याच्या आडोशाने रक्कम ठेवून घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारा करार नव्या कायद्यानुसार अन्यायकारक करार ठरू शकतो. मात्र असा करार रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना आहे, जिल्हा आयोगाला नाही.

कोणाच्याही हाती नसलेल्या कारणाने समारंभच अशक्य झाला, तर प्रश्न वेगळा होतो. २०२० मधील टाळेबंदीत हजारो विवाह लांबणीवर पडले, तेव्हा हा मुद्दा घरोघरी चर्चिला गेला. करारात अशा परिस्थितीची वेगळी तरतूद नसेल आणि करार पाळणे अशक्य झाले असेल, तर करार कायद्याच्या कलम ५६ व ६५ नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. गाडी बिघडली, कामगार आले नाहीत, त्याच दिवशी दुसरी मोठी ऑर्डर होती, ही कारणे या सदरात मोडत नाहीत.

पुरावा कसा जपावा

विसार देतानाच तारीख, वेळ, पानांची संख्या, पदार्थांची यादी, एकूण रक्कम, हप्ते आणि काम न झाल्यास परतावा, एवढ्या बाबी कागदावर घेऊन दोन्ही बाजूंच्या सह्या कराव्यात. छायाचित्रकाराच्या बाबतीत अल्बम व चित्रफीत देण्याची अंतिम तारीख अवश्य लिहावी. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. रोख दिल्यास पावती घ्यावी.

लेखी करार नसेल तरी तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, ई-मेल आणि बँकेच्या नोंदी यांतूनही करार सिद्ध होतो. हे संदेश पुसू नयेत व मूळ फोन जपून ठेवावा. इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतींसोबत २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडणे श्रेयस्कर असते.

विवाहाच्या दिवशी घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे हे काम सोपवावे. रिकामी भांडी, अपुरी सजावट, बंद प्रवेशद्वार यांची छायाचित्रे वेळेसह घ्यावीत. व्यावसायिकाला त्याच क्षणी संदेश पाठवून त्रुटी कळवावी. उरलेली रक्कम देणे भाग पडल्यास "तक्रार कायम ठेवून रक्कम देत आहोत" असे लिहून कळवावे. अन्यथा सेवा समाधानकारक होती म्हणूनच पैसे दिले, असा युक्तिवाद पुढे केला जातो.

तक्रारीचे टप्पे

प्रथम व्यावसायिकाला लेखी नोटीस द्यावी. ती कायद्याने बंधनकारक नाही, परंतु अनेक वाद येथेच मिटतात. काय ठरले होते, काय झाले, किती रक्कम परत हवी आणि किती दिवसांत, हे मोजक्या शब्दांत लिहून स्पीड पोस्टने व ई-मेलने पाठवावे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ही हेल्पलाइन समेटाचा प्रयत्न करते. तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. सेवा एखाद्या संकेतस्थळामार्फत घेतली असल्यास, २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे व महिन्याभरात तक्रारीचे निवारण करणे अपेक्षित आहे.

समेट न झाल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार येथेच दाखल होते. त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक रकमेसाठी राष्ट्रीय आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर कोणतेही शुल्क नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये आहे. वकील नेमण्याची सक्ती नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. इंदूर, बडोदे वा बेंगळुरू येथे राहणारे कुटुंब अनेकदा पुण्यात वा मूळ गावी कार्य करते. जुन्या कायद्यानुसार व्यावसायिक जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती ऑनलाइन दाखल करता येते, तसेच दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते.

मुदत दोन वर्षांची आहे. अल्बम "पुढच्या महिन्यात देतो" असे ऐकण्यात ही मुदत सरते. त्यामुळे ती विवाहाच्या तारखेपासूनच मोजणे सुरक्षित. विलंबाचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

काय मिळू शकते

आयोग रक्कम व्याजासह परत करण्याचा, नुकसानभरपाईचा आणि तक्रारीच्या खर्चाचा आदेश देऊ शकतो. मानसिक त्रासाबद्दलही भरपाई मिळू शकते. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच हे तत्त्व मान्य केले आहे. तथापि, अवास्तव आकडा मागितल्याने तो मिळतो असे नाही. हिशेब, बिले आणि त्रासाचे नेमके वर्णन यांवर आयोगाचा भर असतो.

सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून साधारणतः तीन महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा अधिक काळ लागतो. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पोलिसांत तक्रार करावी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. केवळ करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू होता, उदाहरणार्थ अस्तित्वात नसलेल्या कार्यालयाचा विसार घेतला किंवा एकाच तारखेला अनेकांकडून रक्कम घेऊन पोबारा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. अन्य प्रकरणांत ग्राहक आयोग हाच योग्य मार्ग होय.

लग्नघराच्या धावपळीत कागदपत्रांकडे लक्ष देणे अवघड वाटते, हे खरे. परंतु पावत्या, करार आणि संदेशांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवण्यास फारसा वेळ लागत नाही. ही फाइल कार्यानंतर किमान दोन वर्षे जपून ठेवावी.