मक्याची बिनबुडाची वाटी आणि सावद्याची केळी

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा स्टेशनात केळीच्या वाघिणी भरतात, तेव्हा व्यापाऱ्याच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात. दिल्लीपर्यंत माल हिरवा राहावा आणि तिथल्या वखारीत मात्र हव्या त्या दिवशी पिवळा व्हावा. या रावेर-यावल भागाचे बरेचसे अर्थकारण या दोन इच्छांमध्ये अडकले आहे. घड पिकवणारा इथिलीन वायू फळ स्वतःच सोडते. एक फणी पिकायला लागली की शेजारच्याही तिच्या नादी लागतात. वखारीत हाच वायू बाहेरून देतात. कार्बाइडला बंदी आहे आणि इथिलीनला दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत परवानगी.

हा नाद थांबवणारा रेणू नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी पुढे आणला. त्याचे नाव १-मिथाइलसायक्लोप्रोपीन, व्यवहारात १-एमसीपी. पेशीत इथिलीनची जी जागा, तीच हा अडवून बसतो आणि पिकण्याचा निरोप फळाला पोहोचत नाही. अडचण एवढीच की हा साध्या तापमानाला वायू. पुडीत बांधून विकायचा कसा?

त्याची सोय पिठुळ स्टार्चमध्ये निघाली, आणि तीही या रेणूच्या शंभरेक वर्षे आधीच. १८९१ साली फ्रान्सच्या व्हिलिएर यांनी बटाट्याच्या स्टार्चवर जिवाणू सोडले, तेव्हा हजार ग्रॅमला जेमतेम तीन ग्रॅम वेगळेच स्फटिक हाती आले. आज त्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. ग्लुकोजच्या साखळीची दोन टोके जुळून कडे होते: सहांचे अल्फा, सातांचे बीटा, आठांचे गॅमा. कडे म्हणण्यापेक्षा बिनबुडाची वाटी म्हणा. बाहेरच्या अंगाला पाण्याशी सलगी, आत मात्र पाण्याशी फटकून; म्हणून पाण्याला नकोसा पाहुणा आत जाऊन बसतो. पक्का रासायनिक बंध जुळत नाही, त्यामुळे पाहुणा पुन्हा निघूही शकतो. मला यातली सगळी गंमत या निघण्यात वाटते.

अशी कडी माणसाच्या हातूनही घडली. १९६७ साली रसायनशास्त्रज्ञ पेडरसन यांनी क्राउन ईथर नावाचे कड्यासारखे रेणू जाहीर केले. ते मुळात दुसऱ्याच प्रयोगात उरलेल्या चिमूटभर गाळातून सापडले होते. १९८७ चे नोबेल त्यांना, क्रॅम आणि लेन यांना मिळून मिळाले. रेणूंच्या या पाहुणचाराच्या शाखेला नाव दिले ते क्रॅम यांनी.

अल्फाच्या वाटीची पोकळी साधारण अर्धा नॅनोमीटर. १-एमसीपी तिच्यात नेमका मावतो. नेहमीच्या पांढऱ्या भुकटीत शंभर ग्रॅमला ३.३ ग्रॅम वायू कोंडलेला असतो. बंद खोलीत भुकटी पाण्यात कालवली की तो मोकळा होतो.

वाटी घडते ती स्टार्चवर विकराची क्रिया होऊन, आणि त्याला मक्याचा स्टार्च चालतो. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहेच. म्हणजे कच्चा माल तापीच्या एका अंगाला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या अंगाला, असे खान्देशाचे चित्र आहे. मधली वाटी इथेच घडवायचे मनावर घ्यायला हरकत नसावी.

तरी घाई नको. सफरचंदाला १-एमसीपीचे हे औषध जितके मानवते तितके केळीला मानवत नाही. कोवळ्या घडाला दिले तर पुढे पिकणे रखडते आणि रंग ठिगळाठिगळाने चढतो. पिकणे सुरू झाल्यावर दिले तर फारसा उपयोग नाही. त्यात एकाच घडाची वरची आणि खालची फणी एका वयाची नसते. तेव्हा कोणी पाकीट घेऊन बागेवर आलाच, तर भाव विचारण्याआधी हे विचारा: कापणीनंतर कितव्या दिवशी, आणि कोणत्या फणीचे वय धरून?