लोकमान्यांचे मंडाले आणि रत्नागिरीचा बंदिवान राजा

श्रीगणेशाचे आगमन झाले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीची कीर्तनाची निमंत्रणे आम्हांस येतात. उत्तररंगास लोकमान्यांचेच आख्यान लावावे, असा श्रोत्यांचा आग्रह असतो. १९०८ ची सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग आणि तेथे पेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य' हे सारे आम्ही वर्षानुवर्षे रंगवीत आलो. मंडाले म्हणजे उन्हाने होरपळणारी परकी भूमी, याहून अधिक काही आम्ही कधी सांगितले नाही.

एकदा डोंबिवलीस आरती आटोपल्यावर एक वृद्ध माउली पुढे आल्या. नमस्कार करून म्हणाल्या, "बुवा, माझे माहेर रत्नागिरीचे. आमच्या गावी ब्रह्मदेशचा राजा बंदीत होता. त्याचे दुःख कोणी कीर्तनात सांगत नाही." आम्ही निरुत्तर झालो.

त्यांचे म्हणणे यथार्थ होते. १८८५ साली इंग्रजांनी थिबा राजास मंडालेच्या राजवाड्यातून पदच्युत करून नेले. १८८६ मध्ये तो रत्नागिरीस आला आणि १९१६ साली तेथेच निवर्तला. लोकमान्यांचा जन्म त्याच रत्नागिरीचा. आणि ज्या किल्ल्यात थिबाचे सिंहासन होते, त्याच किल्ल्याच्या तटाआड लोकमान्यांचा कारावास! लोकमान्य १९१४ साली परतले. राजाला मात्र मायभूमी पुन्हा दिसली नाही. राणी सुपयालत १९१९ मध्ये परतली, ती राज्यावाचून आणि पतीवाचून.

आणि ती भूमी परकी तरी कशी म्हणावी? थिबाचा पिता मिंडोन याने १८५७ साली मंडाले वसविले व समग्र त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविले. १८७१ मध्ये तेथे बौद्ध पंडितांची पाचवी संगीती भरली. राजदरबारी धार्मिक विधींस ब्राह्मण असत. तेथील नववर्षाचा 'थिंजान' हा शब्द आपल्या 'संक्रांती'चाच अपभ्रंश. तेथे सरस्वती 'थुरथती' नावाने त्रिपिटकाचे रक्षण करते आणि आपला विनायक 'महापेन्ने' म्हणून ओळखला जातो. कल्याणकरांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या प्राचीन दात्यांची नावे आहेत.

वाचकहो, पोथ्या वाचण्यात आमचे आयुष्य गेले. तरी ज्याने धर्मग्रंथ दगडावर कोरविला, त्याच्या पुत्राचे नाव आमच्या मुखी आले नाही, याची आम्हांस खंत आहे. आपल्या पुरुषाचा बंदिवास आपण अश्रूंनी आठवावा आणि आपल्या अंगणातील परक्याचा विसरावा, हे गीतेच्या समत्वास शोभणारे नव्हे.

यापुढे आमच्या आख्यानात दोन्ही बंदिवान असतील. आपणही कोकणात गेलात तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून परतू नका. राजाच्या समाधीशीही क्षणभर हात जोडा. विघ्नहर्ता सर्वांस ही समबुद्धी देवो. मंगलमूर्ती मोरया!