वालाचा वेल आणि घरचा हिशोब

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या उतारांवर पाऊस धो धो कोसळतो आणि तसाच वाहून जातो. खरीप उरकला की कोरडवाहू शेतात काम उरत नाही. अनेक कुटुंबे नारायणगाव-जुन्नरच्या मळ्यांत मजुरीला जातात. अशा घरची गरिबी नुसत्या पिकाच्या भावावरून कळत नाही. बियाणे, खत, डाळ आणि भाजी यांपायी घरातून किती पैसा बाहेर गेला, हेही पाहावे लागते.

याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, नागली आणि भाज्यांची गावरान बियाणी जमवली; ‘बायफ’ संस्थेच्या साथीने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बँकेतून बी नेणाऱ्याने हंगामानंतर ते दुपटीने परत करायचे, असा रिवाज. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून दरसाल विकत घ्यावे लागते. गावरान बी मात्र राखेत घोळून मडक्यात भरले की पुढच्या मृगाची सोय होते.

परसातल्या मांडवावर चढलेला वालाचा वेल एकाच वेळी तीन कामे करतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. झडलेला पाला मातीत मुरतो. आणि कोवळ्या शेंगांची भाजी, वाळलेल्या दाण्यांचे कालवण घरी येते. नागलीच्या भाकरीसोबत हे कालवण असले, तर धान्यात कमी पडणारी प्रथिने कडधान्यातून मिळतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम १०. सोबतच्या पालेभाजीवर लिंबू पिळले, तर तिच्यातले लोहही अंगी अधिक लागते. वाढत्या मुलांना आणि बाळंतिणीला असे ताट रोज मिळायला हवे.

तरीही नागली, वरईसारखी भरडधान्ये ताटातून मागे पडली, त्याला चवीपेक्षा कष्ट अधिक कारणीभूत आहेत. वरईचे टरफल घट्ट असते. ते उखळात कांडून काढायचे, पाखडायचे आणि पुन्हा कांडायचे. हे सारे बाईच्या वाट्याला, तेही शेतातून परतल्यावर. रेशनचा तांदूळ थेट चुलीवर चढतो. म्हणून बियाण्याइतकीच निकड आहे ती गावात टरफल काढणारे छोटे यंत्र येण्याची. ते आले की वरई घरच्या ताटातही येते, आणि उरलेली विकताना टरफलासकट नव्हे, तर तयार धान्य म्हणून विकता येते.